बाजाराला जात नसते काय?

श्रमाच्या बाजाराला जात नसते, असे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक आपल्याला सांगत असते. हे वाक्य ते कुठे ठळकपणे छापत नाही. त्याची गरजच पडत नाही. आडव्या अक्षावर मजुरांची संख्या, उभ्या अक्षावर मजुरीचा दर, एक रेषा मागणीची, एक रेषा पुरवठ्याची. आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे न्याय झाला, असे गृहीत धरून पुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते. त्या पुरवठ्याच्या रेषेवर कोण उभे आहे, त्याला तिथे कोणी उभे केले, त्या रेषेवरून उतरून दुसऱ्या रेषेवर जाण्याची त्याला मुभा आहे की नाही, हे प्रश्न आकृतीत मावत नाहीत. जे आकृतीत मावत नाही ते शास्त्रातही मावत नाही, अशी आपल्या विद्यापीठीय अर्थशास्त्राची एक सोयीची समजूत आहे.

मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला श्रमाचे अर्थशास्त्र शिकवतो. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे आईबाप ऊसतोडीला जातात, काहींचे नगरपालिकेच्या सफाई खात्यात कंत्राटावर आहेत, काहींचे वीटभट्टीवर. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझे आईवडील बारा हंगाम कोयत्यावर होते. म्हणजे शिकवणारा आणि शिकणारे, दोघेही त्या पुरवठ्याच्या रेषेवरूनच वर्गात आलेले. अशा वर्गात हे शास्त्र शिकवताना ते आपले जगणे समजावून सांगते की आपल्या जगण्याचे समर्थन करते, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात मी या शास्त्राची, आणि त्याची धाकटी बहीण असलेल्या ‘मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अर्थशास्त्रा’ची, याच प्रश्नाच्या अंगाने तपासणी करणार आहे. या शास्त्राला सरसकट नाकारणे हा माझा हेतू नाही. त्यातले आपल्या कामाचे काय आणि आपल्यावर उलटणारे काय, हे वेगळे करणे हा आहे.

१

प्रारंभ या शास्त्राच्या आद्य पुरुषापासूनच करू. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मजुरीच्या दरांत फरक का पडतो, याची कारणे दिली आहेत. त्यातले पहिले कारण असे की काम जितके किळसवाणे, कष्टाचे वा अप्रतिष्ठेचे, तितका त्याचा मोबदला अधिक. खाटकाचा धंदा क्रूर आणि ओंगळ, म्हणून त्याला इतर सामान्य धंद्यांपेक्षा जास्त मिळते. फाशी देणाऱ्याचे काम सर्वांत तिरस्करणीय, म्हणून कामाच्या मानाने त्याची प्राप्ती सर्वांत चांगली, असे त्याचे म्हणणे. आजच्या पाठ्यपुस्तकात याच विचाराला भरपाईच्या वेतनफरकाचा सिद्धान्त म्हणतात आणि कोळशाच्या खाणी, उंच इमारतींवरचे काम अशी उदाहरणे देऊन तो शिकवला जातो.

हा सिद्धान्त खरा असता तर या देशात सर्वांत जास्त पगार कोणाला मिळाला असता? गटारात उतरणाऱ्याला. मॅनहोलमध्ये कंबरेपर्यंत मैल्यात उभे राहणे, विषारी वायूने गुदमरून मरण्याची जोखीम रोज पत्करणे, आणि घरी आल्यावर शेजाऱ्याने पाण्याच्या भांड्याला हात लावू न देणे, याहून अप्रतिष्ठेचे आणि जोखमीचे काम कोणते? स्मिथच्या हिशेबाने या माणसाने बंगल्यात राहायला हवे होते. प्रत्यक्षात हे काम बंद करण्यासाठी १९९३ मध्ये एक कायदा करावा लागला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. जिवंतपणी ज्या जोखमीची किंमत बाजाराने दिली नाही, ती मेल्यानंतर न्यायालयाला ठरवावी लागली. बाजाराच्या न्यायबुद्धीवर याहून स्वच्छ शेरा दुसरा नसेल.

मग स्मिथ चुकला कुठे? त्याने सिद्धान्तासोबत एक अट घातली होती, ती आपले पाठ्यपुस्तक घाईने वाचते. ही भरपाई तिथेच मिळते जिथे प्रत्येक माणसाला आपला धंदा निवडण्याचे आणि वाटेल तेव्हा बदलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे. फाशी देणारा जास्त मागू शकतो, कारण तो नाही म्हणू शकतो. गटारात उतरणाऱ्याच्या बाबतीत नाही म्हणण्याची सोय त्याच्या जन्माआधीच काढून घेतलेली असते. बाकीची दारे बंद करा, एकच दार उघडे ठेवा, आणि मग त्या दारापाशी गर्दी झाली म्हणून मजुरी कमी आहे असे सांगा. हा झाला आपला पुरवठा.

पाश्चात्त्य अर्थशास्त्रात या गर्दीचा सिद्धान्त आहे. बार्बरा बर्गमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये काळ्या कामगारांच्या संदर्भात तो नेमकेपणाने मांडला. काही मोजक्या धंद्यांत एका समूहाला कोंबले की तिथली मजुरी पडते आणि ज्या धंद्यांतून त्यांना वगळले तिथल्या इतरांची मजुरी सावरली जाते. म्हणजे भेदभावाचा कोणाला तरी रोख फायदा होत असतो. आता १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधाकडे पाहा. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची, ही बाबासाहेबांची मांडणी आपण भाषणांतून पुष्कळ ऐकली आहे. त्याला लागूनच त्यांनी केलेला आर्थिक युक्तिवाद मात्र आपण क्वचितच ऐकतो. उद्योग बदलत असतात, माणसाला त्यांच्यासोबत धंदा बदलता आला पाहिजे. जात तो बदलू देत नाही. म्हणून जात ही बेकारीचे थेट कारण ठरते. हा पूर्णपणे श्रमाच्या बाजाराचा सिद्धान्त आहे. बर्गमनच्या पस्तीस वर्षे आधीचा आहे. आणि आपल्या विद्यापीठांच्या श्रम-अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात मी तो आजवर पाहिलेला नाही. तो समाजशास्त्राच्या कपाटात ठेवला की अर्थशास्त्राची झोप मोडत नाही.

२

इथे एक गोष्ट निखालसपणे मान्य केली पाहिजे. आपल्या माणसांनी बाजार नाकारलेला नाही; त्यांनी तो शोधत शंभर-शंभर कोस पायपीट केली आहे. कारण बाजाराच्या आधी जे होते ते बाजाराहून भयंकर होते. वतन आणि बलुते ही श्रमाची अशी व्यवस्था होती की तीत कामाचे तास ठरलेले नव्हते, कामाचे स्वरूप ठरलेले नव्हते आणि मोबदलाही ठरलेला नव्हता. ठरलेली होती ती फक्त काम करणाऱ्याची जात. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात जे विधेयक आणले, त्यामागचा मुद्दा हाच होता. महाराने रात्री-अपरात्री सरकारची चाकरी करायची, आणि पगारासाठी मात्र गावाच्या मर्जीवर विसंबायचे. नोकर एकाचा, वेतन दुसऱ्याच्या दयेवर. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले तेव्हा त्यांनी एका वेतनपद्धतीचेच नाव दिले होते. आपल्या समीक्षकांनी त्या शब्दातील वेदना पाहिली; त्यातली मजुरी पाहिली नाही.

म्हणून गिरणीचा भोंगा हा आपल्या आजोबा-पणजोबांना मुक्तीचा आवाज वाटला यात नवल नाही. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या काळात कोकण-देशावरून माणसांचा लोंढा गिरणगावात आला. रोख पगार, ठरलेली पाळी, पगाराचा दिवस. पण हा बाजार अर्धाच उघडा होता. साचेखात्यात पगार जास्त, आणि साचेखात्यात अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यातला धागा ओढून घेताना तोंड लावावे लागते. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागेल, धर्म बुडेल. यंत्र लँकेशायरचे, कापूस वऱ्हाडाचा, भांडवल पारशी-भाटियांचे, आणि विटाळ मात्र अस्सल देशी.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर टाकला : सर्व खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क तुमच्या मागण्यांत घालणार की नाही? पुढाऱ्यांनी नाखुशीने तो घातला. आणि गिरणीमालकांचा पवित्रा असा की, हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही. या उत्तराकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे, कारण त्यात एका मोठ्या सिद्धान्ताची परीक्षा आहे.

तो सिद्धान्त गॅरी बेकरचा. १९५७ मध्ये त्याने भेदभावाचे अर्थशास्त्र लिहिले. पुढे १९९२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : भेदभाव ही एक आवड आहे आणि आवडीची किंमत मोजावी लागते. जो मालक जात किंवा रंग पाहून माणूस नाकारतो, तो स्वस्त आणि लायक मजूर गमावतो. जो पाहत नाही तो नफा कमावतो. स्पर्धा वाढली की आवडीचे मालक मागे पडतात. तेव्हा बाजार मोकळा ठेवा, भेदभाव आपोआप झिजेल.

मुंबईत काही एकच गिरणी नव्हती. डझनावारी होत्या आणि एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या. बेकर सर्वार्थाने खरा असता तर एखाद्या नफेखोर मालकाने तरी साचे अस्पृश्यांच्या हाती देऊन बाजी मारली असती. असे का झाले नाही? कारण भेदभावाची आवड मालकाची एकट्याची नव्हती, शेजारच्या साच्यावरच्या कामगाराची होती. मालकाने एक महार साच्यावर बसवला असता तर बाकीचे साचे थांबले असते. बेकरने सहकारी कामगारांच्या भेदभावाचाही विचार केला होता. तसे असेल तर दोन्ही समूह वेगवेगळ्या कारखान्यांत काम करतील आणि मजुरीत फरक उरणार नाही, असा त्याचा निष्कर्ष. पण अस्पृश्यांचा निराळा साचेखाता काढायचा तर साचा चालवायला त्यांना शिकवणार कोण? गिरणीत काम शिकवले जाई ते नात्यातल्या, गावातल्या माणसाकडून. भरती होई ती जॉबरकडून. जॉबर माणसे आणी आपल्या गावची, आपल्या जातीची, आणि वर दस्तुरी घेई. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने या जॉबरशाहीवर कोरडे ओढले आहेत. ज्याला दाराच्या आत नातलग नाही, त्याला दारही नाही आणि दाराच्या आतले कसबही नाही.

रेल्वेत तरी वेगळे काय होते? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला झालेल्या रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण स्टेशनमास्तरला पोर्टरकडून घरची कामे करून घ्यायची असतात आणि घरात विटाळ चालत नाही. तिथे स्पर्धेचा प्रश्नच नव्हता. मालक एकच, तोही आधुनिक. याच परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आपल्या डाव्या मित्रांनी त्यातला एकच शत्रू मोजला. आपल्यातल्या काहींनी दुसराच मोजला. बेकरचा सिद्धान्त तपासताना लक्षात येते की हे दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात. ‘आम्ही काय करणार, कामगारच ऐकत नाहीत’ असे मालक म्हणतो, आणि ‘आम्ही काय करणार, मालकच घेत नाही’ असे कामगार म्हणतो.

या परस्परसंमतीचे उत्तम विश्लेषण एका पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञानेच केले आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. जॉर्ज अकरलॉफने १९७६ मध्ये जातीचे अर्थशास्त्र या विषयावर निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा की जातीचा नियम मोडणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा असते, आणि त्या बहिष्कृताशी व्यवहार करणाऱ्यालाही तीच शिक्षा असते. अशा स्थितीत जातीवर कोणाचाही मनापासून विश्वास उरला नाही तरी प्रत्येकजण एकट्यापुरता विचार करून ती पाळतच राहतो. नियम मोडणारा एकटा नफा कमावत नाही, तो एकटा पडतो. स्पर्धा जातीला झिजवत नाही, जात स्पर्धकाला झिजवते. ज्या गावांत आपल्या वस्तीवर बहिष्कार पडला आहे आणि किराणा दुकानदाराने मीठ-मिरची नाकारली आहे, त्या गावांतल्या माणसाला हा सिद्धान्त समजावून सांगण्याची गरज नाही.

३

हे सारे गिरणीच्या धुराबरोबर गेले, असे कोणी म्हणेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव उठत गेले, हे खरे. आता कंपन्या जाहिरात देतात, अर्ज मागवतात, गुणवत्ता पाहतात. तेव्हा जात कुठून येणार?

याचे उत्तर मोजून मिळाले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी; फरक एवढाच की कोणत्या अर्जावर सवर्ण हिंदूचे आडनाव, कोणत्यावर दलिताचे, कोणत्यावर मुसलमानाचे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सवर्णासाठी एक धरले तर दलितासाठी ते ०.६७ आणि मुसलमानासाठी ०.३३ होते. मुलाखत अजून व्हायची आहे, माणूस अजून कोणी पाहिलेला नाही, आणि आडनावाने आपले काम केलेले आहे.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले. हे अधिकारी एकमुखाने गुणवत्तेचा जप करीत होते. आणि तेच अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ पाहणे फार महत्त्वाचे मानत होते. वडील काय करतात, भाऊ-बहिणी काय करतात, गाव कोणते. जात विचारली नाही. जात सोडून सगळे विचारले. मलाही एका मुलाखतीत विषयावर एक प्रश्न आणि वडिलांवर चार प्रश्न विचारले गेले होते. संस्था कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण वाचकांपैकी प्रत्येकजण आपापल्या संस्थेचे नाव तिथे घालू शकेल.

आता या अधिकाऱ्यांच्या शास्त्राकडे येऊ. आधी शब्द पाहा. माणसाला ‘संसाधन’ म्हणणे. पाणी संसाधन, कोळसा संसाधन, तसा माणूस. आपल्या केंद्र सरकारने १९८५ मध्ये शिक्षण खात्यालाच मानव संसाधन विकास मंत्रालय हे नाव दिले आणि ते २०२० पर्यंत चालवले. ज्यांना हजारो वर्षे कोणाचे तरी साधन म्हणूनच वापरले गेले, त्यांना या शब्दाने कानकोंडे व्हायला हवे होते.

या शास्त्राचा प्रमुख प्रणेता एडवर्ड लझीअर. त्याचा एक अभ्यास फार प्रसिद्ध आहे. मोटारींच्या काचा बसवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने १९९४-९५ मध्ये तासावर पगार देणे सोडून नगावर पगार देणे सुरू केले. दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढले, पगार सुमारे १० टक्क्यांनी. त्यातली अंदाजे निम्मी वाढ तीच माणसे जास्त राबू लागल्यामुळे झाली. बाकीची मुख्यतः चपळ माणसे टिकल्यामुळे आणि तशी नवी आल्यामुळे. शिवाय आठवड्याच्या पगाराची एक किमान हमी ठेवलेली होती. माणसाला प्रोत्साहन द्या, तो जास्त राबतो, दोघांचाही फायदा होतो, हा धडा जगभर यावरून शिकवला जातो.

आमच्याकडे नगावर पगाराची पद्धत ऊसतोडीत फार जुनी आहे. टनाला दर. आणि कामाचे एकक आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाईने पहाटे उठून भाकरी थापायची, थंडीत फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत टाकायच्या. हिशेबाच्या वहीत तिचे स्वतंत्र नाव नाही. हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो. त्या उचलीने घरातले आजारपण, लग्न, आधीच्या वर्षीची बाकी भागते. मग हंगामभर ती फेडायची. एक दिवस खाडा झाला की दंड. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती संप-वाटाघाटींच्या जोरावर. कोणा प्रोत्साहनतज्ज्ञाच्या सल्ल्याने नव्हे.

लझीअरचा आणखी एक सिद्धान्त आहे, १९७९ चा. कंपनी तरुण कामगाराला त्याच्या कामापेक्षा कमी पगार देते आणि म्हातारपणी कामापेक्षा जास्त; या आशेने कामगार टिकतो आणि मन लावून काम करतो. इथे कामगार मालकाला एक प्रकारे उधार देतो. उसाच्या फडात नेमके उलटे आहे. मालकाचा माणूस आधी उधार देतो आणि त्या उधारीने मजूर बांधला जातो. एकात उद्याची आशा माणसाला धरून ठेवते, दुसऱ्यात कालचे कर्ज. दोन्हींना ‘वेतनरचना’ हा एकच शब्द वापरणे म्हणजे पगारी नोकर आणि वेठबिगार यांना एकाच रकान्यात बसवणे आहे.

या प्रोत्साहनाची शरीरावरची नोंदही झालेली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. त्यांची कारणे अनेक असतील. डॉक्टरांचा लोभ आहे, फडावर ना पाणी ना आडोसा हे आहे. पण खाड्याच्या दंडाची भीती त्यात नाही, असे कोणी म्हणू नये. या बायका सर्वच दलित नाहीत. वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठाही आहेत. दुष्काळ आणि भूमिहीनता जात बघून येत नाही; पण तिच्यातून बाहेर पडण्याची वाट मात्र प्रत्येक जातीला वेगळी असते, आणि आपल्या वाट्याला सर्वांत अरुंद येते.

ही वाट कशी वेगळी असते तेही मुंबईतच मोजले गेले आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादरमधील शाळांत २० वर्षांत शिकलेल्या मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कामगार जातींतील मुलगे मराठी माध्यमात राहिले, कारण जातीच्या ओळखीने मिळणाऱ्या कामगारी नोकऱ्यांना इंग्रजीची गरज नव्हती. त्याच घरांतल्या मुली, ज्यांना या ओळखींचा कधी फायदा नव्हता, त्या नव्या अर्थव्यवस्थेत इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या. व्यवस्थापनशास्त्र ओळखीने केलेल्या भरतीची वाखाणणी करते : माहिती स्वस्तात मिळते, माणूस खात्रीचा मिळतो. पण ती खात्री जातीच्या आत फिरते. ज्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावर आहेत त्यांना ती शिडी ठरते, ज्यांच्या तळघरात आहेत त्यांना खुंटा.

४

आणि जिथे कायद्याने दार उघडले होते, तिथे आज काय चालले आहे? आरक्षण आहे ते कायम पदांना. कंत्राटदाराच्या वहीला बिंदुनामावली नसते. मुंबई महानगरपालिकेने कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदावर ‘स्वयंसेवक’ आणि त्यांच्या मजुरीला ‘मानधन’ म्हणवले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा खोटेपणा औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध केला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला. शहराची घाण जो हौसेने, सेवेच्या भावनेने उचलतो तो स्वयंसेवक! वतनाची भाषाच नव्या लेटरहेडवर आली.

याच भाषेचे मऊ रूप आमच्या महाविद्यालयांत आहे. तासिका तत्त्व. जितके तास, तितके पैसे; सुट्टीत पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत. मी स्वतः सात वर्षे असे काढले. माझ्या वर्गातला विद्यार्थी उन्हाळ्यात गावी जाई आणि मी उन्हाळ्यात मजुरीला. श्रमाचे अर्थशास्त्र शिकवणारा माणूस स्वतः नगावरचा मजूर असावा यात एक विनोद आहे, पण तो फार हसण्याजोगा नाही. आपल्या पहिल्या पिढीतल्या कित्येक पदवीधर, नेट-सेट झालेल्या मुलांचे आयुष्य या तासिकांत गेले आहे. शिक्षण घ्या म्हणजे दार उघडेल, हे आपण त्यांना सांगितले. त्यांनी शिक्षण घेतले. तोवर दाराची खिडकी झाली.

५

मग या शास्त्राचे करायचे काय? आपल्या चळवळीत अर्थशास्त्राविषयी एक उदासीनता आहे. कविता आपण लिहिली, आत्मकथने लिहिली, विद्रोह शब्दबद्ध केला. पण मजुरीचा दर, कंत्राटाची अट, उचलीचा हिशेब यांच्याकडे आपण साहित्यबाह्य म्हणून पाहिले. ज्या महापुरुषाला आपण घटनाकार म्हणून मानतो तो आधी अर्थशास्त्राचा पंडित होता, स्वतंत्र मजूर पक्षाचा संस्थापक होता आणि १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होता, हे आपण जयंतीच्या फलकावर लिहितो आणि विसरतो.

माझे म्हणणे असे की पाश्चात्त्यांचे हे शास्त्र फेकून देऊ नये. त्याची हत्यारे घ्यावीत, गृहीतके घेऊ नयेत. बर्गमनची गर्दी, अकरलॉफचा बहिष्कार, थोरात-ॲटवेल यांची मोजणी ही आपली हत्यारे आहेत. बाजार मोकळा आहे, माणूस नाही म्हणू शकतो, मालकाला फक्त नफा दिसतो ही त्यांची गृहीतके आहेत. ती आपल्या अनुभवाच्या दगडावर घासून पाहावीत. आपल्या आत्मकथनांकडेही पुन्हा वळावे आणि त्यांना विचारावे : कामाला कोणी लावले, मजुरी कोणी ठरवली, नाही म्हटल्यावर काय झाले? या तीन प्रश्नांची उत्तरे दलित साहित्यात जितकी आहेत तितकी श्रमाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ज्या दिवशी एखादा विद्यार्थी ती उत्तरे गोळा करून, त्यांचे कोष्टक मांडून विद्यापीठापुढे ठेवील, त्या दिवशी त्या दोन रेषांची आकृती पुन्हा काढावी लागेल.

तोवर वर्गात फळ्यावर पुरवठ्याची रेषा काढताना निदान एवढे तरी विचारले पाहिजे की, या रेषेवर माणसे आपण होऊन उभी आहेत, की त्यांना तिथे उभे केले आहे? हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. तो परीक्षेत येणार नाही. पण मुलांना त्याचे उत्तर माहीत आहे, आणि शास्त्राला ते अजून शिकायचे आहे.